गोव्यातल्या जुन्या गाडीला गंजरोधक काय लावावं: काळा कोट, मेण, लॅनोलिन आणि जळकं ऑइल

मे महिना लागला की म्हापशापासून मडगावापर्यंतच्या गॅरेजांत एकाच कामाची रांग लागते. गाडी रॅम्पवर चढवायची, खालून जोराचं पाणी मारायचं आणि संध्याकाळपर्यंत काळा रबरी कोट फवारून मालकाच्या हातात किल्ली द्यायची. नव्या गाडीला हे चालून जातं. पंधरा-वीस वर्षं झालेल्या मारुती 800, ओम्नी, जिप्सी किंवा महिंद्रा जीपसाठी मात्र हा सगळ्यांत वाईट सौदा आहे. गंज कोटाच्या आत राहतो, पाणीही आत राहतं, आणि बाहेरून सगळं काळंभोर, नीटनेटकं दिसतं.

बाजारात मिळणारा गंजरोधक माल आणि तो लावून देणारी गॅरेजं, दोन्हींची ही परीक्षा जुन्या गाडीच्या दृष्टीने केलेली आहे. निकाल आधीच सांगतो. जिथे पत्रा उघडा करता येतो तिथे टू-पॅक इपॉक्सी प्रायमर. जिथे हात पोचत नाही तिथे पोकळीत मारायचं मेण. आणि खालच्या बाजूला दर वर्षी नव्याने मारायचा मऊ, न वाळणारा थर. रबरी कोट फक्त चाकांच्या कमानीत, तोही इपॉक्सीवर.

गोव्यात त्रास पावसाचा कमी आणि मिठाचा जास्त आहे. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. नुसतं सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात. म्हणजे करंझाळे, कळंगुट, कोलवा किंवा वास्कोच्या किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या गाडीच्या खालचा मिठाचा थर डिसेंबरच्या रात्रीसुद्धा ओलाच असतो. पाऊस नसतो, गाडी धुतलेली नसते, तरी गंज चालू असतो. उलट वाळपईकडे पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त पडतो, पण हवेत मीठ कमी, म्हणून तिथल्या गाड्यांचे पत्रे तुलनेने टिकतात. तिथला त्रास वेगळा: कमानींत आणि चेसिसच्या कोपऱ्यांत साचणारी तांबडी माती, जी एकदा भिजली की आठवडाभर ओल धरून ठेवते. रायबंदर–चोडण किंवा केरी–तेरेखोल फेरीने रोज जाणाऱ्यांना दोन्ही भोगावं लागतं, कारण भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि ते पाणी थेट सायलेन्सर, ब्रेक पाइप आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर उडतं.

हे लक्षात घेतलं की मालाची निवड सोपी होते. मीठ पत्र्यावर असताना वरून काहीही फासलं तरी आतली ओल चालूच राहते.

काळा रबरी कोट

थ्रीएम, वुर्थ आणि इतर कंपन्यांचे डबे सगळीकडे मिळतात. बिटुमेन किंवा सिंथेटिक रबराचा हा जाड थर खडीचा मार सोसतो आणि आवाज कमी करतो. ही दोन कामं तो चांगली करतो. गंज थांबवण्याची कुवत त्याच्यात एवढीच की पाणी पत्र्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि ती टिकते थर अखंड असेपर्यंत. तीन-चार उन्हाळे गेले की थर कडक होतो, खडी लागून कडेला उकलतो, जोडांवर भेगा पडतात. त्या भेगेतून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगतो, थराला आतून उचलतो, आणि मोकळी जागा वाढली की आणखी पाणी.

जुन्या गाडीवर असा कोट आधीपासून असेल तर तपासायची रीत अशी: बोथट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत जायचं. घट्ट पत्रा टणक वाजतो, सुटलेला कोट भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे पटाशीने खरवडायचं. खाली कोरडा, चकचकीत रंग निघाला तर सोडून द्यायचं. तपकिरी पापुद्रे निघाले तर घट्ट कोट लागेपर्यंत काढत जायचं आणि पुढे आणखी दोन बोटं. हीट गन आणि लांब पात्याची खरवडणी यांनी हे काम लवकर होतं. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून रबर काढायला जाऊ नये. ते वितळून सगळीकडे फासलं जातं.

रस्ट कन्व्हर्टर

गंज जागेवरच बदलून स्थिर करणाऱ्या या औषधांत टॅनिक आम्ल, फॉस्फरिक आम्ल किंवा दोन्ही असतात. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर काळं लोह टॅनेट बनवतं, फॉस्फरिक आम्ल लोह फॉस्फेट. दोन्ही स्थिर असतात, पण फक्त जेवढ्या जाडीपर्यंत औषध मुरलं तेवढाच गंज बदलतो. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर कन्व्हर्टर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा तपकिरीच राहतो. लोक त्याला "औषध चाललं नाही" म्हणतात. औषध पोचलंच नव्हतं.

चकचकीत उघड्या पत्र्यावरही कन्व्हर्टरचा उपयोग नाही, कारण बदलायला गंजच नाही. त्याची खरी जागा म्हणजे घासून झाल्यावर पत्र्याच्या खड्ड्यांत उरलेला घट्ट गंज. ब्रशने पातळ हात द्यायचा, डब्यावर दिलेल्या वेळाने दुसरा, आणि पूर्ण वाळायला एक अख्खा दिवस. मोठ्या डब्यात ब्रश बुडवू नये, वापरापुरतं वाटीत काढावं. ब्रशवरचा गंज डब्यात गेला की उरलेलं औषध तिथेच कामी येऊन संपतं. एका लहान गाडीला 500 मिली भरपूर होतं. नंतर वरून प्रायमर हवाच. नुसता कन्व्हर्टर मारून पावसाळा काढायचा बेत करू नये.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लादी धुण्याचं ॲसिड काही गॅरेजांत गंज काढायला वापरतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज ते झटकन खातं, यात शंका नाही, पण जोडांत शिरलेलं क्लोराइड धुऊन निघत नाही, आणि समुद्राच्या मिठात जे नको आहे तेच आपण हाताने आत भरतो. सुटे भाग, बिजागऱ्या, ब्रॅकेट साफ करायचे असतील तर लिंबूसत उत्तम: एक लिटर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम, रात्रभर बुडवून, सकाळी ब्रशने घासून, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवायचे. कडक पोलादाचे बोल्ट आणि स्प्रिंगच्या पाट्या मात्र कोणत्याच आम्लात बुडवू नयेत. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादाला ठिसूळ करतो.

रेड ऑक्साइड, झिंक आणि इपॉक्सी

रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला मारायचं तांबडं प्रायमर, स्वस्त, हाताशी मिळणारं आणि पिढ्यान् पिढ्या वापरात. खिडकीच्या गजांना ठीक. गाडीच्या खाली ते एकटं टिकत नाही, कारण थर सच्छिद्र असतो आणि ओल शोषतो. रेड ऑक्साइड मारून "उद्या रंग मारू" म्हणून ठेवलेली गाडी पाऊस लागेपर्यंत तशीच राहिली की त्या रंगाखालीच गंज सुरू होतो.

झिंकचा कोल्ड गॅल्वनायझिंग स्प्रे चांगला आहे, पण त्याची अट कडक आहे. झिंकची भुकटी आणि लोखंड यांचा थेट विजेचा संपर्क झाला तरच झिंक आधी झिजून लोखंडाला वाचवतं. म्हणून तो घासून चकचकीत केलेल्या उघड्या पत्र्यावरच मारायचा. गंजावर, कन्व्हर्टरवर किंवा जुन्या रंगावर तो नुसता राखाडी रंग ठरतो. वेल्डिंग करायच्या जोडाच्या आतल्या बाजूला वेल्ड-थ्रू (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) झिंक प्रायमर मारणं मात्र कुणी चुकवू नये. तो जोड पुन्हा कधीच उघडणार नाही.

इपॉक्सी हेच खरं काम करणारं. टू-पॅक घ्यावं, म्हणजे बेस आणि हार्डनर वेगळे असलेलं. एका डब्यातलं, "इपॉक्सी" असं नाव छापलेलं प्रायमर म्हणजे तेच नव्हे. मिश्रणाचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं, त्यामुळे टिंकरच्या, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याच्या, अंदाजावर न सोडता मापाच्या कपाने मोजायचं. हार्डनर थोडं जास्त घातलं तर लवकर वाळेल हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं की थर चिकट तरी राहतो नाहीतर ठिसूळ होतो. मेच्या उष्म्यात मिश्रण डब्यातच लवकर आवळतं, म्हणून एका वेळी पाव लिटरच कालवावं. मारुती 800 ची लांबी 3,335 मिमी, रुंदी 1,440 मिमी. कमानी आणि उभ्या बाजू धरून खालचं क्षेत्र सुमारे 7 चौरस मीटर होतं. दोन हातांना साधारण 2 लिटर कालवलेलं प्रायमर लागेल. फक्त ठिगळांना एक लिटरही उरतं.

इथे हवामान आडवं येतं. रंगकामाचा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या) किमान 3 अंश वर हवं आणि आर्द्रता 85 टक्क्यांखाली. मेमध्ये हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर दवबिंदू 27 अंशांच्या आसपास येतो. रात्रभर थंड झालेली चेसिस सकाळी नऊ वाजता त्याच्या जवळपासच असते, आणि डोळ्यांना न दिसणारी ओल तिच्यावर बसलेली असते. म्हणून इपॉक्सी सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान मारावं. संध्याकाळी घाई करून मारलेला हात रात्री दमट हवा खाऊन चरचरीत, निस्तेज होतो आणि त्याची पकड जाते.

पोकळीतलं मेण

या सगळ्या मालात जुन्या गाडीचं आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारी वस्तू हीच, आणि गॅरेजच्या दरपत्रकात तीच बहुधा नसते. गाडी आतून बाहेर गंजते. दाराच्या तळाशी फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा आधीच गेलेला असतो. सिल (दारांखालची आडवी पोकळ पट्टी), दारं, खांब, बॉनेटची चौकट, जिप्सीची बंद पेटीसारखी चेसिस, या पोकळ्यांत ब्रश जात नाही. तिथे डिनिट्रॉल, वुर्थ किंवा थ्रीएमचं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने फवारतात. नळीच्या टोकाला चारी बाजूंना फवारणारं तोंड हवं. साध्या तोंडाने एकच रेघ उठते आणि बाकीचा पत्रा कोरडा राहतो.

मेण पातळ फवारलं जातं, जोडांत मुरतं, मग त्यातलं सॉल्व्हंट उडून मऊ पडदा राहतो. तो भेगाळत नाही आणि थोडा ओरखडा आला तर पुन्हा मिटतो. लहान गाडीला 500 मिलीचे तीन ते चार डबे लागतात. नळी पोकळीच्या शेवटापर्यंत घालायची, बटण दाबायचं आणि एका लयीत मागे ओढायची. एका फुटाला साधारण दोन-तीन सेकंद. सिलच्या खालच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की ती पोकळी भरली. दुसऱ्या दिवशी सगळी पाणी निघायची भोकं पातळ तारेने मोकळी करायची. हे शेवटचं काम विसरलं तर मेणामुळेच भोकं बुजून दारात पाणी साचतं आणि केलेल्या खर्चाचा उलटाच परिणाम होतो.

दोन धोके. सॉल्व्हंट ज्वलनशील असतं, त्यामुळे काम उघड्यावर आणि गाडीला एक दिवस हवा लागू द्यायची. आणि वेल्डिंगचं काही काम उरलं असेल तर ते मेणाच्या आधी संपवायचं. मेण मारलेल्या सिलवर वेल्डिंगची ठिणगी पडली की आतून पेट घेतो. पुढे कधी ठिगळ मारायला गाडी दुसऱ्या टिंकरकडे गेली तर त्याला आत मेण आहे हे आवर्जून सांगावं.

नळी कुठे घालायची हे गाडीगणिक वेगळं. मारुती 800 मध्ये पुढच्या मडगार्डच्या मागचा खालचा कोपरा, सिल, बॅटरीखालचं ताट आणि शॉकॲब्झॉर्बरच्या वरच्या टोप्या. ओम्नीत सरकत्या दाराच्या खालची रेल, पायरीचा पोकळ पत्रा आणि पुढच्या काचेखालचा पट्टा. जिप्सीत मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला मिळतात ती जागा सर्वांत नाजूक, मग बॉडी ज्या आडव्या हातांवर बसते ते हात, मग मागच्या डब्याचे दोन कोपरे. जीपच्या उघड्या चेसिसला ब्रश पोचतो, तिथे मेणाऐवजी इपॉक्सीवरच भर द्यावा.

लॅनोलिन आणि जळकं ऑइल

फ्लुइड फिल्मसारखा माल लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा बनतो. तो वाळत नाही. त्यामुळे जुन्या गंजावरही मुरतो, पाणी बाजूला सारतो आणि नंतर कधीही त्यातून पत्रा पाहता येतो. जुन्या, पूर्ण उघडी न करता येणाऱ्या गाडीच्या खालच्या बाजूला आमची पहिली पसंती हीच. उणीवही स्पष्ट आहे: चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या माऱ्यासमोर तो एका पावसाळ्याच्या आसपास टिकतो, त्यामुळे कमानीत त्याचा उपयोग कमी आणि दर वर्षी एप्रिल-मेमध्ये पुन्हा हात द्यावा लागतो. पहिल्या वेळी 2 ते 3 लिटर, पुढच्या वर्षी निम्म्यात भागतं. साध्या रबराची बुशं (सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे) अशा तेलकट मालाने फुगतात, म्हणून तिथे मारताना आड कापड धरावं. कारखान्यांत सुटे भाग साठवताना वापरलं जाणारं कॅस्ट्रॉल रस्टिलो याच उद्देशाचं आहे. त्याचे पातळ प्रकार बंद जागेत ठेवायच्या भागांसाठी असतात, रस्त्यावरच्या पाण्याला तोंड देण्यासाठी नाहीत. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा निळा-पिवळा डबा तर पाणी हटवायला आणि अडकलेले नट सोडवायला. त्याचा पडदा फार पातळ असतो, त्याच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही.

जळकं इंजिन ऑइल खालून फवारण्याची चाल कोकणपट्टीत सगळीकडे आहे, आणि ते फुकट मिळतं हेच तिचं एकमेव कारण. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं, पाणी आणि धातूची भुकटी असते. त्वचेला ते घातक. रबराची बुशं आणि सांध्यांवरची रबरी टोपणं (बूट) ते खराब करतं. पहिल्या जोरदार सरीत त्यातलं निम्मं अंगणात उतरतं, आणि गोव्यात अंगणाला लागून विहीर असते. वापरलेलं ऑइल भारतात घातक कचऱ्यात मोडतं. ते गॅरेजकडे परत द्यावं, फवारू नये.

बॅटरीला जोडायची इलेक्ट्रॉनिक गंजरोधक पेटीही काही दुकानं विकतात. जहाजाच्या तळाला किंवा जमिनीतल्या पाइपला विजेने वाचवता येतं, कारण ते अखंड पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि प्रवाहाला वाट मिळते. गाडी हवेत असते. थेंबाथेंबाच्या ओलीतून तो प्रवाह पूर्ण होत नाही. हे पैसे मेणावर घालावेत.

गॅरेज कसं पारखावं

माल चांगला असूनही काम वाया जातं ते तयारीत. म्हणून दर विचारण्याआधी वेळ विचारा. जुन्या गाडीचं काम कमीत कमी तीन दिवसांचं आहे: पहिला दिवस धुऊन उघडी करायला, मग वाळवून घासायला, मग प्रायमर आणि वरचा थर. वेल्डिंग असेल तर आणखी. "सकाळी आणा, संध्याकाळी न्या" म्हणणारं गॅरेज वाळवण्याचा टप्पा गाळतंय हे नक्की. जोडांत शिरलेलं पाणी कॉम्प्रेसरची हवा मारून आणि रात्रभर पंखा लावूनच निघतं.

चाकं आणि कमानीतली प्लॅस्टिकची लायनर काढणार का, हे विचारा. न काढता केलेलं काम अर्धंच. डिझेल मारून धुणार असतील तर नको म्हणा; डिझेलचा तेलकट पडदा राहतो आणि त्यावर कोणताही प्रायमर धरत नाही. डिग्रीझर, मग भरपूर गोडं पाणी. किनाऱ्यालगतच्या आणि खाजनांजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळच्या) काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा वॉशिंगचं पाणी कुठलं आहे हीसुद्धा विचारायची गोष्ट आहे.

उघड्या पत्र्याचे फोटो मागा, कोट मारण्याआधीचे. चांगलं गॅरेज ते आनंदाने देतं. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, ब्रेकचे रबरी होज, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा फिरता दांडा) कागदाने झाकलेले फोटोत दिसले पाहिजेत. प्रोपेलर शाफ्टवर एका बाजूला कोटाचा गोळा बसला तर गाडी वेगात थरथरते. वॉरंटीचा कागद मिळाला तर त्यात आधीचा गंज वगळलेला आहे का ते वाचा. वगळलेला असेल तर जुन्या गाडीला त्या कागदाचा उपयोग नाही.

घासण्याचं हत्यारही बघा. ग्राइंडरवरचा तारेचा वाटी-ब्रश गंजाला पॉलिश करतो. पत्रा तपकिरी चकाकतो आणि साफ झाल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यांतला गंज जागेवरच असतो. नायलॉनची स्ट्रिप डिस्क किंवा 80 नंबरची फ्लॅप डिस्क, हलक्या हाताने. बॉडीचा पत्रा जेमतेम 0.7 ते 0.8 मिमी असतो. फ्लॅप डिस्क दाबून धरली तर गंजाबरोबर तोही जातो. शेवटी कोपऱ्यांत पितळी हातब्रश.

भोक पडलंच असेल तर लांबी (पुटी) भरून झाकू देऊ नका. फायबर आणि लांबी पाणी धरतात आणि पत्र्याची ताकद परत देत नाहीत. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा बसवून, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने कडेला कड जोडावा. जुन्यावर नवा पत्रा चढवून टाके मारले तर दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी राहतं. तसं करणं भागच असेल तर दोन्ही बाजूंनी जोड सीलरने बंद करायचे. सीलर पॉलियुरेथेनचा घ्या. बाथरूमला लावतात तो सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि त्याच्याखालीच गंज धरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवलेली असावी. जिप्सी किंवा जीपच्या चेसिसवर ठिगळ मारायचं तर ते बॉडी-टिंकरचं काम नव्हे, चेसिस जाणणाऱ्याकडेच न्यावं.

जुन्या गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, आणि तपासणीत चेसिसवर ठोकलेला नंबर वाचता आला पाहिजे. कोट मारणाऱ्याला तेवढी जागा चिकटपट्टीने झाकायला सांगा. नंतर तिथे नितळ मेणाचा हात द्या. नंबरावर ग्राइंडर कधीच फिरू देऊ नये.

पावसाळ्यात आणि नंतर

काम झाल्यावर सर्वांत स्वस्त राखण म्हणजे पाण्याची वाट मोकळी ठेवणं. आंब्याखाली, काजूखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वायपरच्या खालच्या जाळीत पानं आणि मोहोर साचतो, निचऱ्याची नळी बुजते आणि पाणी पायाशी उतरतं. रबर मॅटखालचा फेल्ट भिजला की तो चवथीपर्यंत वाळत नाही. जूनपासून पंधरवड्यातून एकदा कार्पेट उचलून हात लावून बघा. ओला असेल तर बाहेर काढून ठेवा आणि पत्र्यावर लॅनोलिनचा हात द्या. बॅटरीच्या ताटावर पांढरी भुकटी दिसली तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून ते धुवा, मग गोड्या पाण्याने. प्लॅस्टिकचं कव्हर टाकून गाडी ठेवू नका, आत घाम धरतो. हवा खेळणारं छप्पर बरं. आणि खाऱ्या पाण्यातून फेरीची ये-जा असेल तर आठवड्यातून दोनदा बागेच्या पाइपने खालून गोडं पाणी सोडावं, हलक्या धारेने, पुढून मागे. जोराच्या मशीनची धार जोडांत मीठ आणखी आत ढकलते.

ऑक्टोबरात ऊन पडलं की गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवून ब्रेक आणि पेट्रोलचे लोखंडी पाइप हाताने चाचपावेत, विशेषतः क्लिपांच्या मागे, कारण तिथे माती अडकते आणि कोट पोचत नाही. नुसती तपकिरी छटा असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून लॅनोलिन लावा. नखाला खड्डे लागत असतील किंवा पापुद्रा सुटत असेल तर तो पाइप बदलायचाच. मिळत असेल तर कॉपर-निकेलचा बसवावा, तो मिठाला दाद देत नाही. असा पाइप रंगाने झाकू नये, आणि तो बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.